अल्पशा आजाराने

त्या कचेरीत माझ्यासाठी आजवर कुणी फोन केला नव्हता. तेव्हाच मला काही कळायला हवं होतं. एप्रिलमधला सोमवार, दुपारचे तीन वाजून गेलेले. पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या कचेरीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मी तालुक्यांच्या बातम्या कापत होतो, म्हणजे वार्ताहरानं चार पानं लिहून पाठवलेल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सहा ओळी करत होतो. आमच्या जनसंवाद पदविकेचं शेवटचं सत्र चालू होतं आणि सहा आठवडे वर्तमानपत्रात प्रात्यक्षिक करणं सक्तीचं होतं. शिपाई ओरडला, "दत्तप्रसाद परब कोण रे? फोन." पलीकडे विठूकाका होता. बापसाचा चुलतभाऊ, धारगळला हमरस्त्यावर त्याचं नारळाचं दुकान, आणि शेजारच्या गॅरेजात फोन. तो नेहमीसारखाच ओरडून बोलला, "दत्तू, बापूस गेलो रे तुझो. सकाळी गेलो. बेगीन ये." आणि ठेवून दिला. मी "हां" म्हटलं. दुसरं काही नाही, नुसतं "हां". माणूस बाजारातून कोथिंबीर आणायला सांगितली तरी याहून जास्त बोलतो.

काय झालं, कसं झालं, कुठे होता तो त्या वेळी, यातलं मी एक अक्षर विचारलं नाही. आणि वर्गात हाच मी शहाणा! विनोदिनी मॅडम आम्हाला बातमीलेखन शिकवायच्या. फळ्यावर कोण, काय, कुठे, केव्हा, का हे पाच ककार लिहायच्या आणि खडूनं फळा ठोकत म्हणायच्या, "कुणी सांगितलं? आणि दुसरं कोण सांगतंय? दुसरा माणूस मिळेपर्यंत तुमच्याकडे बातमी नाही, नुसती गजाल आहे." पोरं हसायची, मी वहीत उतरवून घ्यायचो. टेबलाशी परत आलो तेव्हा मुख्य उपसंपादक सगुणबाब माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. फोंड्याकडचा सज्जन माणूस, ताडकन उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तू वच घरा, आतांच वच." मग थोडं अडखळून, "पूण चार ओळी बरोवन दी रे. म्हाका तुज्या बापायचें नांव लेगीत खबर ना." मी बसलो. त्या चार ओळी लिहायला कागद ओढला. हात थरथरेल असं मला वाटलं होतं, मी त्याची वाटसुद्धा पाहिली. थरथरला नाही. 'कोरगाव, ता. १७ (प्रतिनिधी) : येथील प्रगतशील काजू बागायतदार व भजनी मंडळाचे आधारस्तंभ श्री. बाबली शाबा परब (६३) यांचे सोमवारी सकाळी अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी कमलाक्षी व एक पुत्र असा परिवार आहे.' अल्पशा आजाराने! आजार कसला ते मला ठाऊक नव्हतं, आजार होता की नाही तेही ठाऊक नव्हतं. पण मॅडमनी आमच्याकडून तीस निधनवार्ता लिहून घेतल्या होत्या आणि त्या तिसातल्या वीस जणांना मी अल्पशा आजारानेच मारलं होतं. हाताला वळण पडलं होतं. सगुणबाबांनी कागद घेतला, सवयीनं लाल पेन उघडलं, खालपर्यंत वाचलं आणि पेनाला टोपण घातलं. एक काना नाही बदलला. "बरें बरयलां," ते लिहिण्याला दाद देत हळूच म्हणाले. आता सांगतो ते ऐकून मला कुणी जोड्यानं मारलं तरी चालेल. मला आनंद झाला. तीन आठवड्यांत माझा एकही कागद लाल झाल्याशिवाय छपाईला जायच्या कागदांच्या खिळ्याला लागला नव्हता, हा पहिला. बाप गेल्याचं कळून वीस मिनिटं झाली होती आणि माझ्या छातीत काहीतरी सुखानं वर आलं. मी ते लगेच दाबलं, पण आलं होतं हे खरं.

मांडवीवरचा पूल कोसळून तिसरं वर्ष चाललं होतं, फेरीबोटीशिवाय गती नव्हती. बोटीत कठड्याला टेकून उभा राहिलो आणि म्हटलं, आता येईल. रडणं हो. मी त्याची वाट पाहत होतो. पाणी होतं, वारा होता, आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं, माणसाला रडायला याहून काय हवं? पलतीरावरची बेती आली तरी आलं नाही. म्हटलं बसमध्ये येईल. म्हापशात गाडी बदलताना मी स्टँडवर उभं राहून चक्क चहा घेतला, सोबत एक पाव खाल्ला, भूक लागली होती. कोलवाळचा पूल ओलांडताना मी मनातल्या मनात ती बातमी पुन्हा वाचत होतो आणि 'आधारस्तंभ'च्या जागी 'ज्येष्ठ सदस्य' बरं झालं असतं का याचा विचार करत होतो. माझं हे असं कधीपासून झालं, मी शोधत होतो. गेल्या वर्षी शेजारचा म्हातारा गेला तेव्हा स्मशानात मी कोण कोण आलं ते मोजत होतो. शिगम्यात गडे, म्हणजे व्रत धरलेले पुरुष, अंगात येऊन धावत सुटले तेव्हा पूर्वी माझ्या अंगावर काटा यायचा, या वर्षी मी पहिलं वाक्य जुळवत होतो. मॅडम म्हणायच्या, घटनेपासून एक पाऊल मागे उभं राहायला शिका. मी शिकलो. एवढं मन लावून शिकलो की पुढे जायची वाटच विसरलो. आणि भाषेचीही गंमत बघा. घटक राज्य होऊन दोन वर्षं झाली तरी आमच्या वर्गात कोकणी की मराठी यावरून पोरं एकमेकांच्या अंगावर जायची, आणि मी हिरिरीनं मराठीच्या बाजूनं भांडायचो. पण घरात आम्ही बोलतो ते काही वेगळंच, ना इकडचं ना तिकडचं, पेडण्याच्या मातीतलं. त्या बोलीत 'बापूस गेलो' असं मी एकदा जरी तोंडानं म्हटलं असतं तरी फुटलो असतो बहुतेक. मी 'निधन झाले' लिहिलं. निधनाला कुणी रडत नाही. निधन दुसऱ्यांच्या बापाचं होतं.

कोरगावला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घराकडे वळणाऱ्या पाणंदीत मी पुढचं दृश्य मनात मांडून घेतलं. अंगणात माणसं असतील, तिरडीचे बांबू, मडकं, तुळशीकडे पाय करून निजवलेला बापूस. अंगणात काजूच्या बिया वाळत होत्या. आणि बापूस सोप्यावर मांडी घालून बसला होता आणि चहात पाव बुडवून खात होता. मला पाहून त्यानं पावाचा तुकडा तोंडात टाकला, नीट चावून गिळला, आणि म्हणाला, "ये रे. मेलेल्या बापाशीक भेटाक इलंस?" आतून आई आणि विठूकाका हसत बाहेर आले. मी पायरीवर बसलो.

रविवारी संध्याकाळी बापूस विहिरीवर डोकं धुवत होता आणि कावळा त्याच्या डोक्याला शिवून गेला. आमच्याकडे कावळा डोक्याला शिवला तर त्या माणसाचं मरण जवळ आलं असं धरतात. त्याला उतारा एकच. तो माणूस मेल्याचा खोटा निरोप जवळच्या नातलगाला धाडायचा. नातलगानं तो खरा मानून रडायचं. रडणं ऐकलं की मरणाला वाटतं, इथलं काम झालं, आणि ते पुढे जातं. निरोप खोटा आहे हे रडणाऱ्याला आधी सांगायचं नसतं, ते उघडच आहे. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही हो! मी आठवीत असताना विठूकाकाला कावळा शिवला होता आणि निरोप पार्वती आत्याकडे गेला होता, तिनं दोन तास ऊर बडवून घेतला आणि मग खरं कळल्यावर विठूकाकाला शिव्यांची लाखोली वाहिली. आम्ही पोरं पोट धरून हसलो होतो. आणि आज फोनवर मला कावळा आठवला नाही. वर्गात शिकलो ते दुसऱ्या माणसाला विचारायचं, ते विचारलं नाही, आणि घरात शिकलो तेही आठवलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. "ह्या खेपेक मीच सांगलंय तुकाच धाडूक," आई म्हणाली. "पोटच्या झिलाइतक्या कोण रडतला?" मग ती माझ्याजवळ आली, हनुवटी धरून चेहरा वर केला आणि डोळ्यांत बघत विचारलं, "रडलंस मा रे?"

"होय."

"खूप?"

"होय गो. खूप."

"खंय?"

"बोटीत," मी म्हणालो. कुठे, कधी, किती, सगळं दिलं. तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकड बोटं मोडली आणि बांगड्याचं सार करायला आत गेली. तिच्या चालण्यात एवढा हलकेपणा मी किती दिवसांत पाहिला नव्हता.

विठूकाका गेला, आम्ही तिघं उरलो, आणि तेव्हा कुठे मला बातमी आठवली. सात वाजले होते. पानं नऊला लागायची. गॅरेज आठपर्यंत उघडं असतं, सायकल भिंतीला टेकून उभी होती, धारगळ गाठून एक फोन केला की काम झालं. सगुणबाब हसले असते, थोडे रागावले असते, कागद खिळ्यावरून काढून टोपलीत टाकला असता. एवढी सोपी गोष्ट. पण आई विचारणार, आत्ता धारगळाला कशाला? मी सांगणार, बातमी थांबवायला. कसली बातमी? बाबाची. कधी लिहिलीस? आणि मग सगळा धागा उसवत त्या वीस मिनिटांपर्यंत जाणार. मी पाटावर बसून राहिलो. बापसानं माझ्या पानात स्वतःच्या वाटचा बांगडा वाढला, "खा, मेल्या घरचा जेवाण हा," म्हणाला आणि आपल्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसला. आठ वाजले. मग नऊ वाजले. मी आईला खरं सांगायला घाबरलो म्हणून पणजीत माझ्या बापाला छापायला सोडलं. यापेक्षा सरळ शब्दांत मला ते सांगता येत नाही.

सकाळी पहिल्या बसबरोबर तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात पेपर येतो. बापूस तिथे जाऊन रोज तो मोठ्यानं वाचतो, ज्यांना वाचता येतं तेही त्याच्याकडूनच ऐकतात. त्या दिवशी तो परत येण्याआधीच पेडण्याहून भजनी मंडळाचे दोघे हार घेऊन दारात उभे राहिले. त्यांच्याच मागून बापूस काखेत पेपर घेऊन आला. एकाच्या हातून हार पडलाच. बापसानं तो उचलला, हुंगला आणि आत जाऊन गणपतीच्या तसबिरीला घातला. मग लोक येतच राहिले. प्रत्येकाला चहा, प्रत्येकाला कावळ्याची गोष्ट. धारगळची पार्वती आत्या तर पाणंदीपासूनच हंबरडा फोडत आली, बापूस समोर धावला, "गो पार्वती, मी हंय असंय, जित्तो असंय!" तिनं त्याच्या पाठीत दोन धपके घातले आणि त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून आणखी रडली. आई खूश होती. "अख्खो तालुको रडलो. आता शंभर वर्सां काय होवचा नाय," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. मी चहाचे पेले विसळत होतो. आता दुरुस्ती छापावी लागणार, सगुणबाबांना वर ऐकून घ्यावं लागणार, माझं प्रात्यक्षिक बोंबललं आणि पणजीतल्या कुठल्याही कचेरीत मी 'बापसाला मारणारा परब' म्हणून ओळखला जाणार, हे सगळं मला कळत होतं. वर्षभर मी हीच नोकरी डोळ्यांसमोर ठेवून अभ्यास केला होता. पण खरं सांगू? त्या वेळी मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. पेपर आल्यापासून बापूस माझ्याशी बोलला नव्हता, ते खात होतं.

बारा वाजता माणसं ओसरली. आई सोप्याखाली बसून काजूच्या बोंडांच्या बिया पिळून काढत होती. बापसानं चष्मा लावला आणि दुकानात वाचतो तसं तिच्यासाठी मोठ्यानं वाचायला घेतलं. "'प्रगतशील काजू बागायतदार'. आयकलंस गो? प्रगतशील!" आई हसली. "'अल्पशा आजाराने'. कसलो आजार रे माका?" तोही हसला. मग त्यानं तेच पुन्हा वाचलं, या वेळी मनात. चार ओळी वाचायला त्याला फार वेळ लागला.

"ह्या तू लिवलंस?"

"होय."

"केदना?"

"फोन इल्यार."

"लगेच?"

"पंधरा-वीस मिनटां झाली असती."

बापसानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. रागावला नव्हता, हीच तर पंचाईत. "एकय चूक नाय," तो म्हणाला. "माझा वय हिका धड ठावक नाय, तुका बरोबर ठावक. शाबाचा नाव बरोबर. बरा लिवलंस." थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "पण रडणाऱ्याचो हात असो चलना नाय रे दत्तू."

आईच्या हातातलं बोंड तसंच राहिलं, रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. "म्हणजे? तू बोटीत रडलंस ना?"

"नाय."

"मगे बशीत?"

"नाय गो आये. खंयच नाय. घराक इलंय तर बाबा चाय पियत होतो."

तिनं आधी माझ्याकडे, मग बापसाच्या डोक्याकडे बघितलं. केस पांढरे, मध्ये विरळ. "म्हणजे तो कावळो आजून हेंच्या टकलेर बसलो हा," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली. मी म्हटलं, अगो पार्वती आत्या रडली, पेडण्याची माणसं रडली, आणखी किती माणसं रडायला हवीत? "निरोप तुका धाडलेलो. ज्येका धाडलो तेणाच रडाक व्हया." कावळ्यावर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण तिच्या चेहऱ्यावर जे उतरलं त्यावर विश्वास ठेवावाच लागला. तिच्या नवऱ्याला वाचवायची एक गोष्ट तिनं माझ्या हातात दिली होती, आणि मी तिच्या चार ओळी केल्या होत्या. ती उठली, पदराला हात पुसले, आत जाऊन घड्याळ बघून आली. "निरोपापासून एका दिसाच्या आत रडाक व्हया. निरोप काल तीन वाजता दिलेलो. आजून तीन वाजूक नाय. बस हंय आणि रड."

मी बसलो. हसण्यासारखं आहे, पण कुणी हसलं नाही. मी डोळे मिटले, उघडले. बापूस समोर बसून पाय हलवत होता. मी तो मेला आहे अशी कल्पना करायला लागलो की तो खाकरायचा. मला स्वतःची एवढी चीड आली की दातांवर दात बसले, पण चीड म्हणजे रडणं नव्हे. अर्धा तास गेला असेल. आई खांबाला टेकून एकटक माझ्या डोळ्यांकडे बघत होती, भाताला कढ कधी येतो ते बघावं तशी. शेवटी बापूस उठला. "मी हंय असल्यार ताका जमाचा नाय," तो आईला म्हणाला, जसा काही मी कुणी लाजरा पाहुणा होतो. "मी वर काजीत जातंय. तेचा झाला की हाक मार." त्यानं खुंटीवरची टोपी घातली आणि मागल्या दारानं डोंगराची वाट धरली.

मागचं दार उघडंच होतं, सोप्यावरून वाट दिसत होती. एप्रिलचं ऊन, गवत करपलेलं. तो चढत होता. ही वाट त्याची रोजची, मी लहान असताना मला खांद्यावर घेऊन तो ती धावत चढायचा. आज पहिल्या वळणाला तो थांबला. काजूच्या खोडाला हात लावून उभा राहिला. मला वाटलं बोंड बघतोय. तो बोंड बघत नव्हता. त्याची पाठ सदऱ्याखाली वर-खाली होत होती, लांबूनसुद्धा दिसत होती. मग त्यानं दुसरा हातही खोडाला लावला. मी वर्षभर पणजीत होतो, महिन्याला एकदा यायचो, जेवायचो, जायचो. कधीपासून तो असा थांबतो? कुणाला विचारलं होतं मी? त्याच्याबद्दल चार ओळींपलीकडे मला काय ठाऊक होतं? आणि मग ते आलं. घशातून नाही, कुठून तरी खालून आलं, गुरासारखा आवाज निघाला, मलाच ओळखू आला नाही. मी गुडघ्यांत डोकं घातलं. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, "हां, रड माझ्या बाबा, रड," म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटका होती. थोड्या वेळानं म्हणाली, "पुरे झाला." मग पुन्हा, "दत्तू, पुरे रे." मला थांबता येत नव्हतं. मी फक्त हात वर करून डोंगराकडे दाखवलं. तिनं तिकडे बघितलं, आणि पाठीवरचा तिचा हात घट्ट झाला.

ती अनवाणीच परसात धावली. "ओ, खाली येवा!" तिनं हाक मारली. "झाला तेचा! खाली येवा!" बापसानं वळून बघितलं. एवढ्या लांबून तिचे शब्द त्याच्यापर्यंत पोचले नसावेत, माझा आवाज मात्र पोचत असणार. त्यानं हात हलवला, होऊंदे, होऊंदे त्याचं, अशी खूण केली. आणि मला नीट रडता यावं म्हणून तो आणखी वर चढायला लागला.